दोन आयांची शेकडो लेकरं : मौना केआवरच्या रुपेरी झाडाचं प्रकरण

एखादी दुर्मीळ वनस्पती वाचवली असं आपण कधी म्हणतो? रोपवाटिकेत रोपं झाली, ती रानात लावली, त्यातली बरीच जगली, एवढं झालं की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. हवाई बेटांवरच्या एका झाडाचं प्रकरण मुळापासून वाचलं आणि मी रोपं मोजायची पद्धत बदलली. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे, कारण देशी झाडांची रोपं करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना ते ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

झाडाचं हवाई भाषेतलं नाव आहिनहिना. अर्थ राखाडी, करडं. इंग्रजीत त्याला सिल्व्हरस्वोर्ड म्हणतात आणि त्याच्या शास्त्रीय नावाचा, आर्गिरॉक्सिफियमचा, अर्थही रुपेरी तलवार असाच होतो. कुल सूर्यफुलाचं. म्हणजे आपला झेंडू, शेवंती, सड्यावरची सोनकी यांचं हे लांबचं भावंड. पण शेवंतीच्या वाफ्याशेजारी याला उभं केलं तर नातं सांगूनही पटणार नाही. जमिनीलगत लांब, अरुंद, चंदेरी पानांचा एक दाट गोळा. वर्षानुवर्षं तो तसाच बसलेला असतो, हळूहळू मोठा होत. कधी वीस वर्षं, कधी पन्नास, कधी त्याहूनही जास्त. मग एका उन्हाळ्यात मधोमध जाड दांडा वर येतो, माणसाच्या उंचीएवढा किंवा त्याहून उंच. त्यावर शेकडो स्तबकं उमलतात. प्रत्येक स्तबक म्हणजे एक छोटं सूर्यफूल समजा, मधे दाटीवाटीने बिंबपुष्पकं आणि कडेला मोजकी किरणपुष्पकं. वास गोड, दांडा चिकट. बी तयार होतं आणि झाड मरतं. आपल्या बांधावरचा घायपात जसा एकदाच दांडा काढून संपतो, तसं.

पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या एका सवयीत आहे. आयुष्यात एकदाच फुलायचं आणि तेही कधी, ते सांगता येत नाही.

या झाडाचे पूर्वज कॅलिफोर्नियातले. तिथल्या एका साध्या, चिकट पानांच्या वनस्पतींच्या गटातून सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी कधीतरी बी या बेटांवर पोचलं आणि त्याच्या वंशात तीसेक जाती तयार झाल्या. त्यांत झुडपं आहेत, वेली आहेत, दलदलीत वाढणारी आहेत, छोटे वृक्षही आहेत. आपल्या प्रकरणातली उपजात मौना केआ या ज्वालामुखीवरची. मौना केआ म्हणजे पांढरा डोंगर. उंची 4,207 मीटर, माथ्यावर हिवाळ्यात बर्फ पडतं. झाडीची रेषा संपल्यानंतर वर उघडी राख आणि खडी आहे, तिथे हे झाड एकेकाळी भरपूर होतं.

अशा जागी जगायचं म्हणजे दुपारी डोळे दिपवणारं ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी, दोन्ही एकाच दिवसात सोसायची. पान हातात घेऊन बघितलं तर त्याची तयारी कळते. पानावर चंदेरी केसांचं इतकं दाट आवरण असतं की खालचा हिरवा रंग दिसत नाही. हे केस ऊन परत फिरवतात. पान आडवं चिरलं तर आत बुळबुळीत, जेलीसारखा पदार्थ असतो, कोरफडीच्या गराची आठवण करून देणारा. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हा गर साठलेला असतो आणि त्यात पाणी धरून ठेवलेलं असतं. मुळं मात्र पृष्ठभागाच्या अगदी जवळ, बाजूला लांबवर पसरलेली. म्हणून झाडाच्या आसपासच्या राखेत नुसतं चालणंही त्याला महागात पडतं. पायाखाली काय चिरडलं हे चालणाऱ्याला कळतही नाही.

वारा, थंडी, उन्हाची सगळी तयारी या झाडाने केली होती. दात असलेल्या जनावराची केली नव्हती. या बेटांवर चरणारं सस्तन जनावर कधी नव्हतंच. त्यामुळे काटे नाहीत, विषारी चीक नाही, काही नाही. रसाळ पानांचा गोळा, जमिनीलगत, तोंडाला येईल असा.

गुरं आली

1793 आणि 1794 मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर याने हवाईचा राजा कामेहामेहा याला गुरं भेट दिली. गुरं वाढावीत म्हणून राजाने दहा वर्षं त्यांना मारायची बंदी घातली. ती वाढली आणि रानोमाळ झाली. बकऱ्या आणि मेंढ्याही अठराव्या शतकाच्या अखेरीलाच आल्या आणि डोंगरावर मोकाट सुटल्या.

1825 मध्ये जेम्स मॅक्रे नावाचा माळी इथे पोचला. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला रोपं आणि बिया गोळा करायला पाठवलं होतं. ज्या जहाजातून तो आला, त्याच जहाजातून लंडनमध्ये गोवराने वारलेल्या हवाईच्या राजाराणीचे मृतदेह परत आणले होते. मॅक्रे मौना केआ चढला आणि माथ्याकडच्या त्या ओसाड राखेत त्याला ही रुपेरी झाडं भेटली. नऊ वर्षांनी, जानेवारी 1834 मध्ये, डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक त्याच डोंगरावर गेला आणि त्यानेही नमुने घेतले. याच डग्लसच्या नावाने अमेरिकेतला प्रसिद्ध डग्लस फर ओळखला जातो. त्याच वर्षी 12 जुलैला, वयाच्या 35व्या वर्षी, मौना केआच्याच उतारावर तो मेलेला सापडला. रानटी गुरं पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तो पडला होता आणि त्या खड्ड्यात आधीच एक बैल अडकलेला होता. हा अपघात नसून खून होता असं बोललं गेलं, त्याचा निकाल कधीच लागला नाही. पण त्या खड्ड्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. झाड मिळवलं त्याच वर्षी त्याच डोंगरावर गुरं इतकी माजली होती की खड्डे खणून धरावी लागत होती. झाडाची कागदोपत्री नोंद होत होती आणि झाड खाल्लं जात होतं, दोन्ही एकाच वेळी.

पुढच्या शंभर वर्षांत मेंढ्यांनी उतार साफ केला. 1930च्या दशकात डोंगराभोवती मोठं कुंपण घातलं गेलं आणि हजारो मेंढ्या मारल्या गेल्या. मग धोरण फिरलं, शिकारीसाठी मेंढ्या राहू दिल्या गेल्या, 1960च्या दशकात मूफलॉन ही रानमेंढीची जात मुद्दाम आणून सोडली गेली. 1979 मध्ये पालीला नावाच्या एका पक्ष्याच्या नावाने खटला चालला. पक्षी स्वतः वादी होता, कागदावर तसंच नाव आहे. मेंढ्याबकऱ्या त्याचा अधिवास खाऊन टाकतात म्हणून त्या हटवा, असा संघराज्य न्यायालयाने निकाल दिला. पक्ष्याच्या निमित्ताने त्या निकालाचा फायदा झाडालाही होता. तरी आजही त्या डोंगरावरच्या मेंढ्या पुरत्या संपलेल्या नाहीत.

या सगळ्यातून आहिनहिना जिथे वाचलं ती जागा म्हणजे वायलुकू नदीच्या उगमाकडच्या घळींचे उभे कडे. मेंढीचं तोंड पोचणार नाही अशा कपारींत थोडी झाडं अडकून राहिली. पन्नाशीच्या आत. डोंगरभर असलेलं झाड एका घळीत आलं.

रोपवाटिका

1973 पासून लागवड सुरू झाली. कड्यावरच्या झाडांचं बी आणायचं, रोपं करायची, डोंगरावर कुंपण घातलेल्या तुकड्यांत लावायची. सरळ, समजण्यासारखी योजना. आणि ती यशस्वी झाली. रोपं लागली, वाढली, काही फुलली, त्यांचं बी धरून पुन्हा रोपं केली, तीही लावली. बघता बघता लावलेली झाडं शेकड्यांत गेली. रानात मूळची जेवढी शिल्लक होती त्याच्या कित्येक पट.

1986 मध्ये झाडाला अमेरिकेच्या कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळालं. लागवडीचे आकडे पाहिले तर वाटावं की संकट टळत आलंय.

1990च्या दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे रॉबर्ट रोबिशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागवडीतल्या झाडांची वंशावळ मागे मागे नेली आणि त्यांची जनुकीय तपासणीही केली. निष्कर्ष असा निघाला की लावलेली सगळी झाडं दोन आयांची होती. दोनच. पहिल्या पिढीतली किंवा पुढच्या पिढ्यांतली, पण सगळ्यांची मुळं रानातल्या त्या दोन झाडांपाशी जात होती.

1973 मधल्या माणसांना यात मी दोष देत नाही आणि कुणी देऊही नये. एक तर झाड आयुष्यात एकदाच फुलतं. पन्नासच्या आतल्या झाडांपैकी एखाद्या वर्षी एखादंच फुलणार, पुढची काही वर्षं एकही नाही. जे फुललं त्याचं बी घ्यायचं, नाहीतर हात हलवत परत यायचं. शिवाय त्या काळी झाडाच्या आतली विविधता मोजायची साधनं सहज हाताशी नव्हती. हातात बी होतं, रोप होत होतं, डोंगर रिकामा होता. कुणीही तेच केलं असतं.

मी तेच केलं आहे. आम्ही काही जण मिळून देशी झाडांची रोपं करतो. एका देवराईच्या कडेला कुसुंबाचं एक मोठं झाड आहे, रस्त्याला लागून, चढाव न चढता फळं वेचता येतात. सलग तीन वर्षं आमची कुसुंबाची सगळी रोपं त्या एका झाडाखालची होती. वाटताना आम्ही अभिमानाने आकडा सांगत होतो. ती रोपं आता तीन-चार गावांत उभी आहेत, एकमेकांच्या शेजारी, सगळी सख्खी-सावत्र भावंडं. कुसुंब दुर्मीळ नाही, आसपास इतर झाडं आहेत, म्हणून फारसं बिघडलं नाही. आहिनहिनाच्या बाबतीत आसपास दुसरं कुणी नव्हतं.

झाडाचं गोत्र

नेमकं काय बिघडतं, ते समजून घ्यायला हवं. सगळी भावंडं असली तर रोगाला एकदम बळी पडतात, असं मोघम उत्तर आपण ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण इथे अडचण त्याच्या कितीतरी आधी उभी राहते. बी धरण्यापाशीच.

आहिनहिना स्वतःच्या परागाने फळत नाही. सूर्यफूल कुलातल्या बऱ्याच वनस्पतींची हीच तऱ्हा. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, पडला की कुक्षी त्याची ओळख तपासते. ओळखीची खूण आपल्याशी जुळली तर परागनलिकेला आत येऊ देत नाही. आपल्याकडे जुन्या लोकांत लग्न ठरवताना पहिला प्रश्न गोत्राचा असायचा, सगोत्र निघालं की बोलणं तिथेच संपायचं. झाडाचा कायदा नेमका तसाच आहे. सगोत्र पराग चालत नाही. मग तो स्वतःचा असो, नाहीतर तीच खूण असलेल्या भावंडाचा.

आता हिशोब करू. प्रत्येक झाडात अशा दोन खुणा असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन आया म्हणजे आईच्या बाजूने आलेल्या खुणा जास्तीत जास्त चार. लावलेली झाडं शंभर असोत की पाचशे, आईकडची गोत्रं चारच्या वर जात नाहीत. बापांकडून काही वेगळ्या खुणा आल्या असतील, पण कड्यावर त्या वर्षी फुललेली झाडंच मोजकी, तर बाप तरी किती असणार? पुढच्या पिढीत भावंडांचं भावंडांशी लागतं आणि जे गोत्र एकदा निसटलं ते परत येत नाही. फुलांनी लगडलेला दांडा उभा आहे, पराग उडतो आहे, माश्या फिरत आहेत आणि त्यातला मोठा भाग दारातूनच परत पाठवला जातो आहे. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. शरद ऋतूत बी गोळा करायला गेल्यावर कृत्स्नफळं, म्हणजे एकेक बी असलेली सुकी फळं, चिमटीत धरली की कळतं. भरलेलं बी टणक, फुगीर लागतं. पोचट बी चपटं, हलकं, दाबलं की दबतं. झाडाने तीस वर्षं साठवलेलं सगळं बळ लावून एकदाच फुलायचं आणि हातात पोचट बी यायचं. त्या झाडाला पुढच्या वर्षीची संधी नसते.

फुलांची दाटी कमी असली तर बी कमी धरतं, हे शेजारच्या माउई बेटावरच्या आहिनहिनाबाबत स्टेसी फोर्साइथ यांनी 2003 मध्ये दाखवून दिलं. ज्या झाडाच्या आसपास इतर झाडं फुललेली होती त्याचं बी चांगलं भरलं, एकटं पडलेलं झाड फुलूनही रिकामं राहिलं. कड्यावर पाच-दहा वर्षांतून एकटंच फुलणाऱ्या झाडाची कल्पना त्यावरून करता येते.

रोबिशो, एलिझाबेथ फ्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये आणखी बारीक तपासणी केली, डीएनएमधल्या छोट्या, पुनःपुन्हा येणाऱ्या तुकड्यांवरून. त्यांना दोन प्रश्न वेगळे करायचे होते. मेंढ्यांमुळे झाडं घटली, त्याने किती विविधता गेली? आणि लागवडीत दोनच आया धरल्या, त्याने किती गेली? उत्तर वाचून मी थांबलो आणि पान पुन्हा वाचलं. मेंढ्यांनी डोंगर रिकामा केला तरी कड्यावर उरलेल्या मूठभर झाडांत विविधतेची म्हणावी तशी घट दिसली नाही. लागवडीतल्या शेकडो झाडांत मात्र ती स्पष्ट दिसली, बहुतेक मापांनी.

हे असं कसं, याचं उत्तर झाडाच्या आयुष्यात आहे. झाड अनेक दशकं जगतं, त्यामुळे झाडं घटली तरी पिढ्या फार उलटलेल्या नव्हत्या. कपारीत उरलेली झाडं म्हणजे जुन्या, मोठ्या समूहातली इथून एक, तिथून एक अशी निवडलेली माणसं. एखाद्या मोठ्या गावातल्या वेगवेगळ्या आळ्यांतली चाळीस घरं वाचावीत, तसं. लागवडीतली झाडं म्हणजे त्यातल्या दोनच घरांची वाढलेली भावकी. म्हणून कड्यावरचं एक म्हातारं झाड खालच्या कुंपणातल्या शंभर झाडांपेक्षा मोलाचं ठरतं, आणि हे डोळ्यांना अजिबात दिसत नाही. डोळ्यांना खालची हिरवळच दिसते.

दुरुस्ती

मार्ग एकच होता. कड्यावरच्या इतर झाडांना आईबाप करायचं, जेवढी मिळतील तेवढी. झाडं फुलण्याची वाट बघत बसलं तर कित्येक दशकं जाणार, म्हणून परागापासून सुरुवात करायची. रानातलं एखादं झाड फुललं की त्याचा पराग घ्यायचा आणि त्याच हंगामात कुंपणात फुललेल्या झाडांना हाताने द्यायचा. त्या बीजातून होणाऱ्या रोपांचा बाप नवीन. आई त्याच दोघींच्या वंशातली असली तरी अर्धा वारसा बाहेरचा आला. शिवाय नव्या गोत्राचा पराग म्हणजे कुक्षी तो नाकारण्याची शक्यता कमी, बी भरायची शक्यता जास्त. एका हाताने दोन्ही कामं.

हातपरागण म्हणजे काय ते आपल्याकडे भोपळ्याच्या वेलावर सकाळी नरफूल मादीफुलाला लावणाऱ्या घरोघरच्या बायकांना सांगायला नको. इथे फरक एवढाच की एका स्तबकात शेकडो पुष्पकं असतात आणि ती सगळी एका दिवशी उमलत नाहीत. कडेची आधी, मधली मागून, रोज थोडी थोडी. म्हणजे एकदा जाऊन भागत नाही, त्याच स्तबकाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. दांड्यावर अशी शेकडो स्तबकं, दांडा चिकट, हवा विरळ, झाड उतारावर आणि मुळांवर पाय देता येत नाही.

बी हाती आल्यावर खरी कसोटी रोपवाटिकेत लागते. व्होल्कॅनो गावाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर, दुर्मीळ वनस्पतींसाठीची खास रोपवाटिका आहे, तिथे ही रोपं होतात. समुद्राकाठच्या उबेत हे झाड टिकत नाही. पाणी जास्त झालं की कुजतं. राखेसारखं, पाणी झटकन खाली जाऊ देणारं माध्यम लागतं. हे सगळं कुणीही चांगला माळी काही हंगामांत शिकेल. अवघड गोष्ट वेगळीच आहे आणि मला वाटतं तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

समजा, एका जोडीचं बी छान भरलं, हजारभर टणक दाणे मिळाले. दुसऱ्या जोडीचे बाराच दाणे हाती लागले. माळ्याचा हात आपोआप कुठे जाईल? हजाराकडे. ट्रे भरायचे असतात, लावणीचं उद्दिष्ट असतं, पैसे देणाऱ्यांना आकडा हवा असतो. बाराचे बारा ट्रेच्या एका कोपऱ्यात जातात आणि त्यातले तीन उगवतात. पुन्हा तेच झालं, 1973 सारखं, फक्त या वेळी सगळं माहीत असूनही. हे टाळायचं तर हजारवाल्या जोडीची रोपं मुद्दाम थोडी करावी लागतात. संकटग्रस्त झाडाचं चांगलं, टणक बी हातात असताना पेरायचं नाही, हे माळ्याच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. आणि त्या बारा दाण्यांसाठी सगळी हुशारी खर्चायची. प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक ट्रेवर, पुढे प्रत्येक खड्ड्यापाशी आईबापांचा क्रमांक राहिला पाहिजे. पावसाने खूण पुसली तर ते रोप जिवंत असूनही हिशोबातून गेलं. आमच्या वहीत पूर्वी जात, तारीख आणि संख्या असे तीन रकाने होते. आता संख्येच्या आधी ‘आई’ हा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय रोपं बाहेर जात नाहीत.

याच धड्यावर पुढे शेजारच्या मौना लोआवरच्या आहिनहिनाचं काम उभं राहिलं. ती वेगळी जात, तीही गुरामेंढ्यांनी संपत आणलेली. तिथे सुरुवातीपासूनच आईबापांची संख्या मोठी ठेवली गेली आणि मग कुंपणाआड हजारोंनी रोपं लावली गेली. इथला हजाराचा आकडा मी निर्धास्तपणे वाचतो.

माउईवरचं दुसरं उदाहरण

माउई बेटावरच्या हालेआकाला ज्वालामुखीवरच्या झाडांची कथा शेजारी ठेवली की मौना केआचं वेगळेपण नीट कळतं. तिथेही चरणारी जनावरं होती, आणि भर म्हणून माणसं. पर्यटक झाडं उपटून उतारावरून गडगडत सोडायचे, कुणी शिखरावर जाऊन आल्याची खूण म्हणून न्यायचे, वाळवून शोभेसाठी विकायचेही. 1920-30च्या दशकांत काही हजारच झाडं उरली होती. तो भाग 1916 पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. उपटणं थांबवलं, पुढे कुंपण घालून बकऱ्या बाहेर काढल्या आणि झाडं आपली आपण वाढली. 1990च्या सुमारास सुमारे 65 हजार. तिथे रोपवाटिकेला करण्यासारखं फार काही नव्हतं, कारण उरलेली झाडं पुरेशी होती, पसरलेली होती आणि एकाच उन्हाळ्यात अनेक फुलत होती.

त्यानंतर मात्र तिथली झाडं पुन्हा मरू लागली. पॉल क्रुशेलनिकी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये याचा संबंध वरच्या भागातल्या वाढत्या कोरडेपणाशी दाखवला, आणि उताराच्या खालच्या बाजूची झाडं जास्त मरत असल्याचंही. शिवाय 1967 मध्ये तिथे अर्जेंटिनी मुंगी सापडली. ही मुंगी जमिनीत घर करणाऱ्या स्थानिक मधमाश्यांच्या मुळावर उठते. पिवळ्या तोंडाच्या या लहानशा, सडपातळ माश्या पराग पायांवर लादून नेत नाहीत, गिळून पोटातल्या पिशवीतून नेतात. आहिनहिनाचं परागण करणाऱ्यांत त्या प्रमुख आहेत.

हे मी मौना केआच्या प्रकरणात आणतो आहे कारण कोरडेपणाला कुठलं झाड तोंड देईल हे आज कुणी सांगू शकत नाही. तो गुण त्या दोन आयांत असेल किंवा नसेल. कपारीतल्या, अजून न फुललेल्या एखाद्या झाडात असेल. ते झाड फुलेल त्या उन्हाळ्यात जवळ कुणी नसलं तर तो गुण पोचट बियांबरोबर राखेत मिसळून जाईल.

या झाडाची एक गोष्ट मात्र माणसाच्या सोयीची आहे. ते अचानक फुलत नाही. पानांच्या गोळ्याचा मध्य आधी फुगतो, मग दांडा वर सरकू लागतो आणि पहिलं स्तबक उमलेपर्यंत काही आठवडे जातात. कड्यावरचं एखादं झाड असं फुगलेलं दिसलं की तेवढ्या आठवड्यांत डोंगरावर त्याच्या गोत्राबाहेरचं दुसरं फुलणारं झाड शोधून ठेवायचं असतं.